ब्रेकच्या डब्याची नांगी

भाऊ टिपणिसांच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून सारखा मागे वळून बघत होता, ही गोष्ट त्यांच्या घरी अजून सांगतात. करवलीने विचारलं, "अहो, नवरी पुढं आहे, मागं काय बघता?" तर म्हणाले, "सगळे आले का, ते बघतोय."

भाऊ जी.आय.पी. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. ड्रायव्हर पुढे बघतो, गार्ड मागे. तीस-बत्तीस वर्षं ते गाडीच्या शेवटच्या डब्यात बसले. रेल्वेची माणसं त्या डब्याला नुसतं 'ब्रेक' म्हणतात. त्याच्या पाठीला तांबडा दिवा असतो. स्टेशनमास्तरला तो दिसला, की गाडी सगळीच्या सगळी आली, वाटेत काही तुटून राहिलं नाही, अशी खात्री होते. भाऊंचं घरातलं वागणंही त्या दिव्यासारखंच. पंगतीत शेवटच्या पानावर ते. बाहेर जाताना कुलूप लावणारे ते. टिटवाळ्याच्या गणपतीला सगळं घर निघालं, तरी टांग्यात सर्वांत शेवटी चढणारे तेच.

सुहासिनी सून म्हणून या घरात आली, तेव्हा बिऱ्हाड कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये होतं. जेवताना भाऊ गोष्टी सांगत, त्यातली एक तिने इतक्यांदा ऐकली होती, की वाढताना तिचे ओठ आपोआप हलत. वासिंदच्या पुढे मालगाडी तुटली. दोन वाघिणींमधलं, म्हणजे मालाच्या डब्यांमधलं, कपलिंग सुटलं, पुढचा भाग इंजिनाबरोबर निघून गेला आणि भाऊंचा ब्रेक चार डब्यांसकट रुळावर उभा. मागून दुसरी गाडी येणार. निशाण ब्रेकात राहिलेलं. भाऊ तसेच रुळावरून मागे धावत सुटले आणि दोन्ही हात डोक्यावर उभे करून थांबले.

"एकच हात वर केला तर ड्रायव्हरला वाटतं, कोणी रामराम करतोय," भाऊ सांगत. "तोही रामराम करतो आणि येऊन धडकतो. दोन्ही हात वर, म्हणजे धोका. मग तो कितीही घाईत असो, थांबतो."

"आणि तुम्ही तसेच किती वेळ उभे होतात?" गुरुदत्तने, म्हणजे त्यांच्या मुलाने, हा प्रश्न दरवेळी विचारायचा, असा रिवाज होता.

"लाईन मोकळी होईपर्यंत. तोवर हात खाली आणायचा नसतो."

नोकरी संपल्यावर क्वार्टर्स सोडावी लागली. डोंबिवलीत पूर्वेला एका चाळीत दोन खोल्यांची जागा घेतली. निघताना भाऊंनी रेल्वेचं सगळं सामान परत केलं, फक्त विटलेलं हिरवं निशाण मागून घेतलं. लाल नको म्हणाले. घरात लालचं काय काम?

आणखी एक वस्तू क्वार्टर्समधून आली होती, ती पत्र्याची आगगाडी. शेजारचा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर स्वातंत्र्यानंतर वर्षभरात ऑस्ट्रेलियाला गेला. बोटीत किती सामान न्यायचं म्हणून तो भाऊंना किल्लीचं इंजिन, चार वाघिणी आणि खोकाभर रूळ देऊन गेला. ते खोकं माळ्यावर पडलं होतं. भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा गुरुदत्तने ते खाली काढलं.

उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. डावा हात चालत होता आणि डोळे सगळं बघत होते. पण हळूहळू भाऊ घासाला तोंड मिटून घेऊ लागले. सासूबाईंनी भरवलं तरी नाही, सुहासिनीने भरवलं तरी नाही. डॉक्टर येऊन गळा तपासून गेले. दाराशी चपला घालताना ते गुरुदत्तला म्हणाले, "गिळता येतंय त्यांना. गिळायचं नाहीये. औषध मी देईन हो, इच्छा कुठून देऊ? कशात मन लागतंय का बघा."

म्हणून आगगाडी. गुरुदत्तने खाटेच्या उंचीचं फळ्यांचं मेज केलं, त्यावर रुळांचा गोल मांडला. संध्याकाळी ठाण्याच्या कचेरीतून आला, की आधी किल्ली द्यायचा. पहिल्या दिवशी गाडी फळीवर आली तशी भाऊंची मान वळली. त्यांनी डाव्या हाताने उशीखाली चाचपलं. सुहासिनीने हिरवं निशाण काढून त्यांच्या मुठीत दिलं. सगळे निशाणाकडे बघत उभे राहिले.

भाऊंनी गाडी इंजिनापासून शेवटपर्यंत पाहिली आणि निशाण उलगडलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. गुरुदत्त गाडी सोडायचा, ती गरगर फिरायची, आणि भाऊ भिंतीकडे तोंड करायचे. त्या दिवशी पेजेचा एक चमचासुद्धा पोटात जायचा नाही.

"खेळणं आहे हे, त्यांना कळत नाही का?" सासूबाई म्हणाल्या. सासूबाई म्हणजे सुमतीबाई. त्यांची जीभ चालायची ती काळजी लागली म्हणजे जास्त.

सुहासिनी तेव्हा उशाशी बसून पोथी वाचत होती. अध्याय संपवल्याशिवाय ती मध्ये बोलत नसे. पोथी मिटून, डोळ्यांना लावून ती म्हणाली, "अहो, मामंजी कुठे बसणार?"

"कुठे म्हणजे?"

"गाडीत. ब्रेक कुठाय? ब्रेकशिवाय ते गाडी सोडतील का?"

गुरुदत्त चारही वाघिणींकडे बघत राहिला. मग खाली बसला. गार्डाचा मुलगा असून आपल्याला हे दिसलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर सुहासिनीला स्पष्ट दिसलं, आणि उगीच बोलले असंही तिला वाटून गेलं.

तसा डबा मुंबईत जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला. तपकिरी रंगाचा, मागे छोटी गॅलरी, वर तांबड्या दिव्याचा ठिपका. तो पाहून भाऊंचे डोळे मोठे झाले. त्यांनी निशाण स्वतःहून मागितलं, म्हणजे उशीवर डावा हात आपटला. त्या दिवशी वाटीभर पेज गेली. सुहासिनीने देवापुढे साखर ठेवली.

पण डबा गाडीला जोडला जाईना. जुन्या वाघिणींना एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला कडी. कडी आकड्यात घातली की झालं. हा डबा नंतरच्या काळातला. त्याला पत्र्याची नांगी होती, खेकड्याच्या नांगीसारखी. दोन डब्यांच्या नांग्या एकमेकींवर आपटल्या की आपोआप गुंतायच्या. पण समोर नांगीच पाहिजे. कडी तिच्यावरून नुसती घसरायची.

"तुझा एक आकडा दे," गुरुदत्त म्हणाला. सुहासिनीने अंबाड्यातला काढून दिला. त्याने तो वाकवून दोन डब्यांमध्ये अडकवला. सरळ रुळावर गाडी छान गेली. वळणावर तो ताठ आकडा वळेना, आणि ब्रेकची चाकं रुळावरून उचलली गेली. मग दोरा बांधून पाहिला. इंजिनाची किल्ली उतरत आली, की गाडी मंदावायची, ब्रेक पुढे सरकायचा आणि ढिला दोरा चाकाखाली जायचा. नांगी काढून तिथे आकडाच बसवावा, तर ती खिळ्यांनी ठोकून पक्की केलेली. खिळे काढायला गेलं तर पत्रा फाटणार.

"तुझ्या वडिलांनी एवढा वेळ लावला असता," सुमतीबाई म्हणाल्या, "तर त्यांची गाडी अजून कल्याणातच उभी असती."

"आई, त्यांची कपलिंगं सगळी एका जातीची होती."

"मग तू जातीबाहेरचा डबा आणलास कशाला?"

"मिळाला तो आणला."

"तेच म्हणते मी. बघून आणावं."

शेवटी गुरुदत्तने ठरवलं, की एक मधला डबा करायचा. एका वाघिणीच्या पुढच्या टोकाला जुना आकडा तसाच ठेवायचा आणि मागच्या टोकाला कडीच्या जागी नांगी बसवायची. म्हणजे पुढून ती वाघीण जुन्यांची, मागून नव्याची. जांभळी नाक्याजवळच्या तांबटाकडून त्याने पातळ पितळी पत्र्याचे तुकडे आणले आणि कचेरीतून आल्यावर कातरीने, कानशीने नांग्या करू लागला. सुहासिनी खाटेच्या दुसऱ्या बाजूला वाती वळत बसायची. मध्ये भाऊ, एकदा कानशीकडे बघत, एकदा वातींकडे.

नांगी करणं सोपं, बसवणं अवघड. जुनी वाघीण चाकांवर बुटकी, ब्रेक उंच. नांगी केसभर खाली राहिली तर ब्रेकची नांगी तिच्या डोक्यावरून निसटे. केसभर वर गेली तर गुंते, पण वळणावर डबा उचले. गुरुदत्त एक बसवायचा, गाडी फिरवायचा, काढायचा, चिमट्याने मान किंचित वाकवायचा, पुन्हा बसवायचा. कितीतरी नांग्या बिघडल्या. इकडे भाऊंचं खाणं पुन्हा कमी होत चाललं होतं. ब्रेक फळीवर वेगळा उभा, गाडी वेगळी. ते त्या दोघांमधल्या मोकळ्या जागेकडे बघत राहायचे.

गणपती तोंडावर आले तेव्हा एक नांगी साधली. तिची मान दोनदा वाकवलेली होती, एकदा वर आणि टोकाशी थोडी डावीकडे. दिसायला अगदीच वेडीवाकडी, पण गाडी एक पूर्ण फेरा ब्रेकसकट फिरून आली. भाऊ तेव्हा झोपले होते. त्यांना उठवावं असं सुहासिनीला फार वाटलं.

"नको," गुरुदत्त म्हणाला. "चतुर्थीला रूळ मखराभोवती मांडू. बाप्पा आला, की त्याच्यासमोर भाऊंच्या हातून गाडी सोडू."

खेळता खेळता नांगी वाकायला नको म्हणून त्याने ती काढली. तिच्यावर निळ्या शाईचा ठिपका दिला आणि बाकीच्या नांग्यांबरोबर एका तबकडीत घालून तबकडी देवघरात, समईच्या मागे ठेवली. घरात त्याहून जपणुकीची जागा नव्हती. देवघराला सोवळ्यावाचून कोणी हात लावत नसे.

हात लावणाऱ्या एकट्या सुमतीबाई. दरवर्षी गणपतीच्या आधी त्या देवघरातलं झाडून सगळं पितळ काढत, चिंचेने आणि राखेने घासत. समई, निरांजन, घंटा, पळी, ताम्हन, आणि या वर्षी तबकडीतले ते चिमुकले तुकडेसुद्धा. सुहासिनी तेव्हा मोदकाची पिठी दळून आणायला गेली होती. परत आली, तर अंगणात पाटावर सगळं उन्हात वाळत होतं, सोन्यासारखं. टोकाला रांगेत नांग्या होत्या. सगळ्या सारख्या चकचकीत. कुणावरही निळा ठिपका नव्हता. आणि सगळ्या सरळ होत्या.

"आई, हे..."

"अगं, पार वेडेवाकडे झाले होते," सुमतीबाई म्हणाल्या. "देवापुढे वाकडंतिकडं काही ठेवू नये. बत्त्याने हलक्या हाताने ठोकून सरळ केले एकेक. डोळे दुखायला लागले माझे, पण म्हटलं यांच्या गाडीचं आहे, नीट व्हायला हवं."

सुहासिनीने पिठीचा डबा खाली ठेवला. नवरा येईपर्यंतचा वेळ तिने कसा काढला, ते तिलाच माहीत. तो आला, तबकडी पाहिली, एकेक नांगी उचलून उजेडात धरली. सुमतीबाई कौतुकाच्या अपेक्षेने उभ्या होत्या.

"छान निघालीत, आई," तो म्हणाला.

नंतर स्वयंपाकघराच्या दाराशी सुहासिनी हळूच म्हणाली, "आता?"

"आता काय. कुठली होती तेच कळत नाही. अंदाजाने वाकवतो एक."

"सांगायचं तरी त्यांना."

"काय सांगू? वडिलांसाठी केलं तिने." तो चिमटा शोधायला लागला. तो समोरच होता, पण त्याला दिसत नव्हता. तिने उचलून हातात दिला.

चतुर्थीला बाप्पा आले, प्रतिष्ठा झाली. खाट मखरासमोर सरकवली. मखराभोवती फळ्या, फळ्यांवर रूळ. अंदाजाने वाकवलेली नांगी बसली होती. दुपारी दोन फेरे नीट झाले, तिसऱ्याला ब्रेक निसटला. गुरुदत्तने मान थोडी आणखी वाकवली. त्यानंतरच्या एका फेऱ्यात ब्रेक निसटला नाही. पण त्यापुढे गाडी फिरवून बघायची कोणाची छाती झाली नाही.

संध्याकाळच्या आरतीला चाळीतली माणसं आली. खोली भरली. गुरुदत्तने भाऊंना उशांना टेकवून बसवलं. सुहासिनीने निशाण त्यांच्या डाव्या मुठीत दिलं आणि ती त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली. भाऊंनी गाडी पाहिली. इंजिन, वाघिणी, ब्रेक, ब्रेकचा तांबडा दिवा. बराच वेळ पाहिली. मग त्यांचा अंगठा हलला, निशाणाची गुंडाळी सुटली आणि विटका हिरवा कपडा खाली लोंबला. मनगट एकदा हललं.

"सोडली," सुहासिनी म्हणाली.

गुरुदत्तने इंजिनाची कळ सोडली. गाडी निघाली. त्याच वेळी टाळ सुरू झाले, आरती सुरू झाली. सुमतीबाईंनी निरांजन उचललं आणि घंटा मुलाच्या हातात दिली. गाडी मखरामागे गेली, पुढे आली. भाऊंची मान तिच्याबरोबर फिरत होती. दुसरा फेरा. सुहासिनी टाळ्या वाजवत होती आणि आरतीचे शब्द म्हणत होती, पण तिचे डोळे बाप्पावर नव्हते. देवा, माफ कर, एवढा एक फेरा, असं ती मनात म्हणत होती.

तिसऱ्या फेऱ्याला गाडी मखरामागून आली, ती ब्रेकशिवाय. ब्रेक मागच्या वळणावर, समईच्या अलीकडे रुळावर उभा होता. गाडी तशीच पुढे चालली होती. गोल रूळ. वळण घेऊन ती त्याच ब्रेकवर मागून येणार होती.

भाऊंनी हातातलं हिरवं निशाण टाकून दिलं. डावा हात वर गेला, सरळ, डोक्याच्या वर. कित्येक दिवसांत एवढा उंच गेला नव्हता. उजवा हात मांडीवर पडलेला तसाच.

"बघा, बघा," आरती मध्येच थांबवून सुमतीबाई म्हणाल्या. "हात उचलला. बाप्पाला नमस्कार करतायत."

कोणीतरी म्हणालं, "मोरया." बाकीच्यांनी उचललं. टाळ जोरात वाजू लागले. गुरुदत्त घंटा हलवत मूर्तीकडे तोंड करून उभा होता, त्याचे डोळे मिटलेले होते. भाऊंचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. त्यांनी सुहासिनीकडे पाहिलं.

तिला वासिंद आठवलं. तिने वाकून त्यांचा उजवा हात मनगटाशी धरला. तो ओल्या पोत्यासारखा जड होता. तो तिने उचलला, आणि डाव्याच्या बरोबरीने डोक्याच्या वर धरून ती उभी राहिली.

"अहो," ती मोठ्याने म्हणाली. "अहो, गाडी."

गुरुदत्तने डोळे उघडले. वडिलांचे दोन्ही हात वर पाहिले. त्याच्या हातातून घंटा पडली. त्याने फळीवर हात टाकला, इंजिन त्याच्या पंजावर येऊन अडलं. चाकं नुसतीच फिरत राहिली, मग किल्ली संपली. ब्रेक वीतभर पुढे उभा होता.

आरती पुरी झाली. माणसं प्रसाद घेऊन, भाऊंच्या पायाला हात लावून, सुमतीबाईंना "देव पावला हो" म्हणत गेली. सुमतीबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

भाऊंचा हात अजून वर होता.

"झालं भाऊ, थांबली गाडी," गुरुदत्त म्हणाला. त्याने इंजिन मागे घेतलं. निरांजनाच्या वातीतलं सूत काढून ब्रेक वाघिणीला बांधला. "हे बघा. जोडला. लाईन मोकळी."

भाऊंनी त्या सुताकडे पाहिलं. हात तसाच राहिला. सुहासिनीच्या दंडातून कळ यायला लागली होती, तरी तिने उजवा हात सोडला नाही. सुमतीबाईंनी खिरीचा चमचा पुढे केला. भाऊंनी तोंड मिटून घेतलं.

"अहो, सुताने बांधलेल्या ब्रेकला ते सोडणार नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. "रुळावरून काढा तो."

गुरुदत्तने सूत तोडलं, ब्रेक उचलला आणि फळीच्या कडेला, रुळाबाहेर ठेवला. तेव्हा भाऊंचा डावा हात हळूहळू खाली आला. उजवा तिने खाली आणून मांडीवर ठेवला. ते त्यांना कळलं नसावं, ते रुळाकडेच बघत होते.

खीर वाटीत गार झाली. गुरुदत्त तबकडी घेऊन खाटेशी बसला. त्यातली एक सरळ, चकचकीत नांगी त्याने चिमट्यात धरली आणि कुठून वाकवायची ते बघत राहिला. सुहासिनीने जमिनीवरचं हिरवं निशाण उचललं, गुंडाळलं आणि भाऊंच्या डाव्या हाताशी ठेवलं. त्यांनी ते घेतलं नाही, पण बाजूलाही सारलं नाही.